अकरा पूर्णांक दोन

मुखेडच्या कोंडेकर सरांनी गाडी विकताना
छातीवर हात ठेवून सांगितलं होतं:
वीसचा ॲव्हरेज. खाली आला तर गाडी परत आणा.

आता समोरच्या खणात चाळीस पानी वही असते.
टाकी फुल्ल, किलोमीटर, लिटर, भागाकार.
अकरा पूर्णांक दोन.
पुन्हा अकरा.
एकदा दहा पूर्णांक नऊ,
त्या आठवड्यात राज कॉर्नरला गटार खोदलेलं होतं.

आधी सरांना फोनवर टोमणा मारला.
मग पंपावरच्या दिगांबरवर नजर ठेवली,
तो शून्य दाखवायचा, मी त्याची बोटं बघायची.
एक दिवस त्याने आपणहून पाच लिटरचं माप आणलं,
माझ्यासमोर खुणेपर्यंत भरलं
आणि काहीच बोलला नाही.
पेट्रोल बरोब्बर रेघेवर थरथरत होतं.
मागच्या ऑटोने हॉर्न दिला म्हणून सुटले.

युसूफोद्दीन मिस्त्रींनी प्लग काढले, पुसले, लावले.
फिल्टर उन्हात धरून आरपार बघितलं.
टायरला हवा कमी होती, ती भरली.
"यानं अर्ध्या-पाऊणचा फरक पडंल, मॅडम.
बाकी गाडी चोख हाय.
चला, तुमच्यासंगं एक चक्कर मारतो."

तरोडा नाक्यावरून निघालो.
राज कॉर्नरला थांबले. श्रीनगरला थांबले.
आयटीआयला सिग्नल हिरवा मिळाला,
तर पुढच्या ऑटोला मध्येच सवारी दिसली.
दर वेळी पहिल्या गिअरपासून,
दर वेळी रेटून चाळीसपर्यंत,
आणि लगेच कच्चकन ब्रेक.
मिस्त्री मांडीवर बोटाने काहीतरी मोजत होते.

कलामंदिरपाशी त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.
पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले.
"लावू नका, नुसता जवळ न्या हात."

भाकरी टाकायच्या आधी तव्याची धग बघावी
तसा तळहात नेला.

"हे बघा तुमचं पेट्रोल.
पैसे मोजून गाडी पळवली,
अन् पळणं सगळं हितं घासून टाकलं.
अठरा बार. मोजले मी.
सिग्नलला उभे होतो ते येगळंच,
तिथं इंजिन जाग्यावर बसून खातंय."

बावीस वर्षं मी नववीला शिकवते आहे:
ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते.
दोन गुण. उदाहरण दिल्यास तीन.
जाते कुठे, असं एकाही पोराने विचारलं नाही.
मीही कुणाला विचारलं नव्हतं.
ती इथे होती, रबराच्या वासात,
चार नटांच्या मागे,
वजिराबादच्या हवेत हळूहळू मिसळत.

शाळा तर घरापासून सव्वा किलोमीटर.
थंड इंजिन धड तापायच्या आत
मी किल्ली काढून प्रार्थनेला उभी असते.

रविवारी देगलूरला गेले, मावशीकडे.
नायगाव, नरसी, दोन्हीकडे सोयाबीन,
पाय एकाच जागी, काटा साठच्या आसपास.
एकोणीस पूर्णांक सहा.

रात्री कोंडेकर सरांना फोन केला.
"सर, तुमचं बरोबर होतं."
"काय बरोबर होतं?"
ते टोमणा विसरलेही होते.
मग अर्धा तास सांगत बसले
मुखेड-कंधार रस्त्याबद्दल, सोळा वर्षं,
वाटेत कुठे गिअर बदलायचा तेसुद्धा.

हल्ली लांबूनच लाल दिवा दिसला
की ॲक्सिलेटरवरचा पाय काढते.
गाडी आपल्या जोरावर घरंगळते,
मागचे शिव्या देतात, एखादा सुसाट पुढे जातो
आणि रेघेवर ताडकन थांबतो.
काल श्रीनगरला मी पोचायला अन् दिवा हिरवा व्हायला
एकच गाठ पडली.
ब्रेकला पाय लागलाच नाही.
तो अजून पहिला गिअर शोधत होता,
मी त्याच्या बाजूने, आवाज न करता, निघून गेले.

चमचाभर तरी वाचलं असेल.
वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं
ते ठरत नाही.